धावड्याच्या लग्नातलं भांड्यांचं पाणी

आमच्या कामात नव्या बाईला सगळ्यात आधी शिकवावं लागतं ते पाण्यात हात घालायला. घासायला तिला येतंच, घरी जन्मभर तेच केलेलं असतं. पण घरची चार ताटं वेगळी आणि लग्नाच्या पंगतीवरून उठून आलेला ढीग वेगळा. त्या ढिगापुढं बसलेली नवी बाई पहिली चूक हमखास एकच करते. तिला वाटतं, पाणी जितकं गरम तितकं भांडं लवकर निघतं. मग ती कणकेच्या परातीवर उकळतं पाणी ओतते आणि कणीक परातीला अशी चिकटते की तारेची घासणी झिजते, कणीक झिजत नाही.

मी अंबडची. दगडूमामा नावाचे आमच्याकडचे आचारी, लग्नाकार्याचा स्वयंपाक करणारे. त्यांच्या हाताखाली भांड्यांचं काम मी पोरं लहान असताना धरलं आणि गुडघे बोलायला लागले तेव्हा सोडलं. मामा भट्टीवर, आम्ही चार बायका मांडवाच्या मागं. मागं म्हणजे कायम मागंच. मांडव कितीही मोठा असो, आमची जागा गोठ्याच्या पलीकडं किंवा संडासाच्या अलीकडं. लग्नातल्या नवरीचं तोंड आम्ही बहुतेक वेळा पाहिलंच नाही. तिची ताटं मात्र पाहिली.

पाण्याचं आता थोडं सांगते, म्हणजे पुढचं समजेल. कणीक, भात, दूध, बेसन हे ज्या भांड्याला लागलंय त्याला आधी थंड पाणी. गरम पाण्यानं ते तिथंच शिजतं. तेल-तुपाला गरम पाहिजे, आणि डालड्याला तर पाहिजेच. थंड पाण्यात डालडा पांढरा होऊन ताटावर बसतो, हाताला मेणासारखा लागतो. पण गरम म्हणजे किती? हात बुडवून ठेवता आला पाहिजे, आणि ठेवावासा वाटता कामा नये. इतकंच. त्याच्यापुढं गेलं तर हात आखडतो, मग घासणार कोण? बुंदीच्या पाकाला कोमट पुरतं. करपलेल्या खिरीच्या भगुण्यात आधी थंड पाणी टाकून विसरून जायचं, मग त्यातच पाणी उकळायचं. बोअरच्या खाऱ्या पाण्यानं धुतलेला पेला लगेच पुसला नाही तर पांढरे डाग पडतात आणि यजमान म्हणतात, बायांनी धुतलंच नाही. काचेचं तर विचारू नका. मोसंबीच्या रसासाठी काढलेले काचेचे पेले एका पुढाऱ्याच्या घरी हिवाळ्यात आमच्या एका बाईनं थेट गरम पाण्यात सोडले. टक्‌, टक्‌, टक्‌, फटाक्याची लड लागल्यासारखे गेले. पुढारी बाहेर येऊन विचारतात, ‘वरात आली का?’

हे सगळं मी रुक्मिणीबरोबर शिकले. रुक्मिणी माझी शेजारीण, माझ्याच वयाची. आम्ही दोघी बौद्ध, एकाच गल्लीतल्या, एकाच दिवशी दगडूमामांकडं कामाला लागलो. ती बारीक चणीची, आवाज मात्र खणखणीत. रागावून बोलायची नाही. प्रश्न विचारायची. तिच्या प्रश्नाला उत्तर देताना माणसाला घाम फुटायचा.

एकदा अंबडातल्याच एका मोठ्या घरी बारसं होतं. घरच्या आजीबाईंनी सकाळीच आमची आडनावं विचारून घेतली. मग हुकूम सुटला: ह्या बायांनी धुतलेलं प्रत्येक ताट त्यांच्या डोळ्यांसमोर उकळत्या पाण्यातून काढायचं. सून बिचारी लाजेनं खाली बघत होती. आम्ही काढलं. सांडशीनं एकेक ताट बुडवायचं, आजींना दाखवायचं, ठेवायचं. अर्धा ढीग झाल्यावर रुक्मिणी म्हणाली, ‘‘आजी, तेल तर पहिल्याच पाण्यात निघाल्तं. आता काय काढून राह्यलो आपण?’’

आजी उठून आत गेल्या. उरलेली ताटं आम्ही आमच्या पद्धतीनं धुतली.

अशी ही रुक्मिणी. आता धावड्याचं सांगते.

धावडा म्हणजे भोकरदन तालुक्यातलं, मिरचीच्या शेतीचं गाव. किसनराव नावाच्या शेतकऱ्याच्या मुलीचं, वैशालीचं लग्न होतं. भर उन्हाळा. किसनराव पाहुण्यांच्या स्वागतात, त्यामुळं बाकी सगळा कारभार त्यांचे धाकटे भाऊ अंबादास यांच्याकडं. मांडव, बिछायत केंद्रावरून भाड्यानं आणलेली भांडी, आचारी, टँकर, सगळं तेच बघत होते. उंच माणूस, पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला, तोंडात एकच शब्द, ‘जल्दी’.

गावात पाणी नव्हतं. टँकर आला तोच उशिरा. आधी त्यानं स्वयंपाकाची स्टीलची टाकी भरली. पाहुण्यांना प्यायला थंड पाण्याचे जार बाहेरून मागवले होते, ते मांडवात ओळीनं मांडलेले. मग आमच्याकडं, गोठ्यामागं, ड्रम भरायला सुरुवात झाली. दोन ड्रम भरले आणि टँकरवाला म्हणाला, पाणी हाये, ड्रम कुठंय? अंबादासभाऊंनी गड्याला ट्रॅक्टर घेऊन शेतावर पिटाळलं. तो निळा ड्रम घेऊन आला, पाइप लागला, भरला, टँकर गेला. मी तिथंच होते. पण मी तेव्हा ताटं मोजून घेत होते, ड्रमाकडं बघितलं नाही. बघितलं असतं तरी निळा ड्रम तो निळा ड्रम. आमच्याकडं घरोघरी तसे असतात.

लग्न लागलं. पहिली पंगत बसली आणि उठली. आमच्याकडं ताटं यायला लागली, त्यांच्यामागं पेले, मठ्ठ्याचे. पहिले दोन ड्रम बघता बघता संपले. बाकी दोघी घासायला होत्या, रुक्मिणी विसळायला. तिनं विसळायचा मोठा टब निळ्या ड्रमातल्या पाण्यानं भरला आणि पेल्यांपासून सुरुवात केली, कारण दुसऱ्या पंगतीला आधी पेले हवे होते. मी माझं भगुणं त्याच ड्रमातून भरून दगडाच्या चुलीवर चढवलं. पुऱ्यांचं तेल, वांग्याच्या भाजीवरचा तवंग, थंड पाण्यानं काही हलत नव्हतं.

गरम पाण्याचा अंदाज मी आधी वाफेवर घेते. वाफ तोंडाला लागली की कळतं. तशी वाकले आणि नाकात काहीतरी शिरलं.

पहिल्यांदा वाटलं लसूण. मग वाटलं रॉकेल. मग दोन्ही नाही. मी बाजूला झाले, पदरानं नाक पुसलं, परत वाकले. तोच वास, आणि घशाला एक कडवट चव.

‘‘रुक्मिणी, इकडं ये. ह्याचा वास घे.’’

ती आली, वाकली. ‘‘कशाचा? मला तर मिरचीच्या फोडणीचाच येऊन राह्यला सकाळपासून.’’

मी ड्रमाजवळ गेले. थंड पाण्याचा वास घेतला. काही नाही. निदान सांगता येण्यासारखं काही नाही. परत भगुण्याजवळ आले तर आता वाफ जास्त होती आणि वास स्पष्ट होता. गार असताना जे पाण्यात गप बसलं होतं ते ऊब लागल्यावर वर येत होतं.

‘‘थांबा गं,’’ मी म्हणाले. ‘‘कुणी पाण्यात हात घालू नका.’’

‘‘थांबून कसं चालंल? पेले गेले की मांडवात,’’ रुक्मिणी म्हणाली.

खरंच गेले होते. वाढपी पोरं परात भरून घेऊन गेली होती. मांडवात दुसरी पंगत बसत होती. बायकांची आणि मुलांची. वरपक्षाची.

मी भट्टीवर गेले. दगडूमामा पुऱ्या काढत होते, डोळे धुरानं लाल. मी सांगितलं तसा त्यांनी झारा दुसऱ्याच्या हातात दिला आणि माझ्यामागं आले. भगुण्यावर वाकले. बराच वेळ वाकून राहिले.

‘‘सुमन, खरं सांगू? माझं नाक आज तेलानं मेलंय. येतोय काहीतरी. लाकडाचा आसंल. ओलं लाकूड आसंल.’’

‘‘मामा, लाकूड ओलं असतं तर धुराला आला असता. हा वाफेला हाये.’’

‘‘मंग काय करायचं म्हणतीस?’’

ते मलाही माहीत नव्हतं. इथं प्रामाणिकपणे लिहायचं तर मला खात्री नव्हती. वाफेच्या वासावरून लग्नाची पंगत थांबवायची? भांडेवालीनं? आणि वास निघाला नुसता ओल्या लाकडाचा, तर? दगडूमामांना त्या भागात परत कुणी बोलावलं नसतं, आणि मामांना नाही तर आम्हालाही नाही.

तेवढ्यात अंबादासभाऊ तिकडून आले. आचारी भट्टी सोडून गोठ्यामागं काय करतोय म्हणून चिडलेले.

‘‘काय चाललंय? पंगत बसून राह्यली आन्‌ पुऱ्या कुठंयत?’’

मी विचारलं, ‘‘भाऊ, हा ड्रम कशाचा व्हता?’’

‘‘कशाचा म्हणजे? पाण्याचा.’’

‘‘शेतावर कशाला वापरत व्हते?’’

त्यांचा चेहरा एक क्षण बदलला. मग आवाज चढला. ‘‘धुऊन घेतलाय तो. गड्याला सांगितल्तं मी.’’

‘‘सांगितल्तं, पण धुतला का त्यानं?’’

‘‘बाई, तू भांडी घास. मला शिकवू नको. मी आधीच सांगत व्हतो ह्या दगडूला, दुसऱ्या बाया आण म्हणून.’’

दुसऱ्या बाया म्हणजे कुठल्या ते त्यांनी सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती. दगडूमामांनी मान खाली घातली. मला राग आला नाही असं नाही, पण त्या वेळी रागापेक्षा भीती मोठी होती, आणि त्या भीतीचं काय करायचं ते मला कळत नव्हतं.

तेव्हाच मागून आवाज आला. रुक्मिणी ओकत होती.

टबाच्या कडेला दोन्ही हात टेकून ती वाकली होती. आम्ही धावलो. तिचं अंग घामानं भिजलेलं, तोंडातून लाळेची धार, थांबतच नव्हती. हात धरला तर दंडाचं मांस कातडीखाली उड्या मारत होतं.

‘‘ऊन लागलं,’’ अंबादासभाऊ म्हणाले. ‘‘सावलीत न्या तिला.’’

‘‘रुक्मिणी, काय खाल्लं तू?’’

तिनं मान हलवली.

‘‘काय पिलीस?’’

तिनं बोट दाखवलं. निळ्या ड्रमाकडं.

‘‘कधी?’’

‘‘मगाशी... लई तहान लागल्ती. दोन पेले.’’

मांडवात थंड पाण्याचे जार ओळीनं उभे होते. आमच्याकडं एकही नव्हता. सकाळपासून आम्ही चौघी त्या उन्हात बसलो होतो आणि प्यायला पाणी कुणी ठेवलं नव्हतं. मांडवात जाऊन पेला भरून घ्यायचा आमचा रिवाज नाही. तो रिवाज कुणी लावला ते मला सांगता येणार नाही, पण आम्ही तो पाळत आलो होतो. रुक्मिणीनं जे हाताशी होतं ते प्यायलं.

आता मला खात्री करून घ्यायची गरज उरली नाही. मी धावले.

मांडवात कधी पुढून गेले नव्हते. त्या दिवशी थेट ओळींच्या मधून गेले, ओल्या लुगड्यानं. ताटं मांडली होती. पेल्यांमध्ये मठ्ठा ओतत वाढपी पुढं सरकत होता. एका बाईनं पेला उचलून लेकराच्या तोंडाशी नेला होता. मी तो हातानं उडवला. मठ्ठा तिच्या शालूवर सांडला.

‘‘कुणी मठ्ठा पिऊ नका! पेल्याला तोंड लावू नका! ताटातलं खाऊ नका!’’

माझा आवाज एवढा निघतो हे मला माहीत नव्हतं. बँडवाले थांबले. शालूवाली बाई उभी राहिली. नवरदेवाचे वडील पुढं आले.

‘‘काय तमाशा हाये हा? कोण हाये ही बाई?’’

‘‘भांडेवाली हाये मी. धुण्याच्या पाण्यात औषध हाये. फवारणीचं. माझी बाई मागं पडलीय.’’

‘‘खोटं हाये!’’ अंबादासभाऊ माझ्या मागोमाग पोचले होते. ‘‘ऊन लागलंय तिला. किसनभाऊ, हिचं ऐकू नका. पंगत बसू द्या.’’

किसनराव माझ्याकडं बघत होते. मग भावाकडं बघितलं. मुलीच्या बापाच्या तोंडावर त्या वेळी जे होतं ते मी पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहिलं नाही. सगळी व्याहीमंडळी समोर, पोरीचं लग्न नुकतंच लागलेलं, आणि एक बाई ओरडून सांगतेय की तुमच्या घरच्या पाण्यात विष आहे. त्यांनी ‘हाकला हिला’ म्हटलं असतं तरी मला नवल वाटलं नसतं.

त्यांनी डोक्यावरचा फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि गोठ्याकडं चालायला लागले. त्यांच्यामागं अख्खा मांडव.

रुक्मिणी आता आडवी होती. आमची एक बाई तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. किसनरावांनी तिच्याकडं एकदा पाहिलं, मग ड्रमाला खांदा लावला. अर्धा भरलेला ड्रम तो, हलेना. दगडूमामांनी दुसऱ्या बाजूनं जोर लावला. ड्रम कलंडला. पाणी मातीवर पसरलं, तळाचं पांढुरकं, दुधाचा हात लागल्यासारखं. आणि शेवटच्या पाण्याबरोबर आतून गडगडत एक बाटली बाहेर आली. औषधाची. झाकण अर्धवट लागलेलं.

अंबादासभाऊ होते तिथंच मातीत बसले.

‘‘गाडी,’’ मी म्हणाले. ‘‘गाडी पाहिजे. भोकरदनला न्यायला पाहिजे हिला.’’

लग्नाला आलेल्या गाड्या सगळ्या गावाबाहेर रानात लावलेल्या. दारात एकच होती, फुलांनी सजवलेली, नवरा-नवरीची. तिच्याकडं सगळ्यांचं लक्ष गेलं आणि सगळ्यांनी नजर वळवली. आजच्या दिवशी त्या गाडीत असं माणूस घालायचं? वरमाई काहीतरी पुटपुटलीच.

तेव्हा मी वैशालीला पहिल्यांदा पाहिलं. मुंडावळ्या तशाच, हातात शालूच्या निऱ्या. गर्दीतून वाट काढत आली आणि नवऱ्याला म्हणाली, ‘‘चावी कुणाकडंय?’’

नव्या नवऱ्यानं आईकडं पाहिलं नाही. चावी त्याच्याच खिशात होती. ड्रायव्हर शोधत बसला नाही, स्वतः बसला गाडीत. आम्ही रुक्मिणीच्या अंगावर स्वयंपाकाच्या टाकीतलं पाणी ओतलं, ओलं लुगडं बदलून मांडवातली चादर गुंडाळली आणि मागच्या सीटवर झोपवलं. मी ती बाटली प्लास्टिकच्या पिशवीत घालून बरोबर घेतली. डॉक्टरला कळायला पाहिजे होतं काय होतं ते.

तो रस्ता मला संपता संपेना. फुलांच्या माळा काचेवर आपटत होत्या, एकेक करून उडून जात होत्या. रुक्मिणीला एका कुशीवर धरून मी बसले होते. तोंडातली लाळ पुसायची, परत यायची. श्वास घेताना छातीत पाणी असल्यासारखा खळखळ आवाज.

‘‘डोळे उघड. रुक्मिणी, माझ्याकडं बघ.’’

‘‘दिसंना,’’ ती म्हणाली. ‘‘सगळं पुसट पुसट दिसून राह्यलं.’’

‘‘बोलत राहा.’’

‘‘पेले... मांडवात गेलेले पेले...’’

‘‘थांबवले. कुणी न्हाई पिलं.’’

हे मी खोटं सांगितलं. मला माहीत नव्हतं कुणी पिलं की नाही. नवरदेव आरशातून मागं बघत होता, पण हळदीच्या हातांनी गाडी त्यानं बराबर चालवली.

भोकरदनच्या दवाखान्यात डॉक्टरांनी बॅटरी मारून तिचे डोळे पाहिले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. मी बाटली पुढं केली. त्यांनी नाव वाचलं आणि नर्सला हाक मारली, मग इंजेक्शनामागून इंजेक्शन. एका नर्सनं मला ओढत नळाखाली नेलं, माझे हात कोपरापर्यंत साबणानं धुतले आणि कपडे बदलायला लावले. माझे हात दुसऱ्या कुणी धुण्याची ती पहिलीच वेळ. मला तिथं रडू आलं.

संध्याकाळपर्यंत डॉक्टर काही सांगेनात. ‘बघू’ म्हणत होते. मग तिचा श्वास थोडा मोकळा झाला आणि अॅम्ब्युलन्सनं तिला जालन्याला मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिकडं ती बरेच दिवस होती. सुरुवातीला यंत्राच्या श्वासावर. तिचा मुलगा आणि मी आळीपाळीनं बसायचो.

धावड्याचं नंतर दगडूमामांनी सांगितलं. मठ्ठ्याचे पेले तोंडाला लागले होते काही जणांच्या. दोघीतिघींना मळमळलं, एकीला उलटी झाली, त्यांना तपासून सोडलं. पेल्याला लागून राहिलेलं पाणी थोडं होतं, म्हणून निभावलं. उरलेली पंगत गावातल्या दुकानातून आणलेल्या पत्रावळींवर उठली. नवरदेव दवाखान्यातून धावड्याला परतल्यावर वरात निघाली, बिनफुलांच्या गाडीतून.

रुक्मिणी बोलायला लागल्यावर एका दुपारी अंबादासभाऊ जालन्याला आले. हातात फळांची पिशवी. दाढी वाढलेली. पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात. पोलिसांपुढचा रुक्मिणीचा जबाब अजून व्हायचा होता. मला वाटलं, त्यासाठीच आलेत. तिच्या मुलालाही तेच वाटलं असणार, तो उठून त्यांच्यासमोर उभा राहिला.

‘‘गड्याची चूक झाली,’’ अंबादासभाऊ म्हणाले. ‘‘त्याला सांगितल्तं ड्रम धू म्हणून. टँकरवाला घाई करून राह्यला व्हता. गड्यानं आत बघितलंच न्हाई.’’

रुक्मिणी ऐकत होती. आवाज तिचा बसला होता, पूर्वीचा खणखणीतपणा गेला होता. तिनं विचारलं, ‘‘भाऊ, आम्हाला प्यायचं पाणी कुठं ठेवलं व्हतं?’’

शेजारच्या पलंगावरच्या पेशंटचा रेडिओ चालू होता. मला वाटलं, आता म्हणतील मांडवात होतं की, घ्यायचं होतं. कुणीही तेच म्हटलं असतं. खोटं तर नव्हतंच ते.

‘‘ठेवलंच न्हवतं,’’ ते म्हणाले. ‘‘ध्यानातच आलं न्हाई.’’

मग ते बसले. फळांची पिशवी मांडीवरच राहिली.

पोलिसांना रुक्मिणीनं झालं तसं सांगितलं. तहान लागली, पाणी पिले, त्यात औषध होतं हे कुणाला माहीत नव्हतं. जाणूनबुजून केलं असं ती म्हणाली नाही, कारण तसं कुणी केलं नव्हतं. तिचा मुलगा तिच्यावर चिडला. मीही थोडी चिडले. ‘‘एवढं सोडून दिलं व्हय तू?’’ मी विचारलं. ती म्हणाली, ‘‘सोडलं कुठं? विचारलं की त्याला.’’

ती घरी आली तरी हाताचा कंप गेला नाही. डाव्या हाताचा कमी, उजव्याचा जास्त. घासायचं काम तिला जमेना. त्या लग्नानंतर दगडूमामांनाही भोकरदनकडची कामं कमी झाली. आम्ही पंगत वाचवली असं कुणी म्हणत नव्हतं. अमक्या लग्नात विषबाधा झाली, तो आचारी हा, एवढंच लोकांच्या लक्षात राहिलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. मामा बोलून दाखवायचे नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात अंबादासभाऊंच्या स्वतःच्या मुलीचं लग्न निघालं. ते एसटीनं अंबडला आले, आधी दगडूमामांकडं, मग आमच्या गल्लीत. दारात उभं राहून म्हणाले, ‘‘स्वयंपाक मामांचा आन्‌ भांडी तुमची. दुसऱ्या कुणाला न्हाई सांगितलं.’’

मी रुक्मिणीकडं पाहिलं. ‘‘तुला न्हाई जमणार. मी दुसरी बाई बघते.’’

‘‘पुसायला येईन की,’’ ती म्हणाली. ‘‘पुसायला दोन हात लागतात, ते हायेत.’’

तेच घर, तोच गोठा. भांड्यांची जागा मात्र या वेळी आंब्याखाली केली होती, सावलीत. ड्रम नवे कोरे. आम्ही बसलो. पहिली पंगत उठायला आली होती, मांडवात पाहुण्यांची वर्दळ, आणि अंबादासभाऊ थंड पाण्याचा जार खांद्यावर घेऊन आमच्याकडं येताना दिसले. गड्याला सांगितलं नव्हतं. मुलीच्या बापाचा नवा सदरा खांद्यावर भिजला होता. आंब्याखाली जार ठेवला, स्टीलचा पेला भरला आणि रुक्मिणीपुढं धरला.

रुक्मिणीनं हात पुढं केला नाही.

‘‘आधी तुम्ही प्या, भाऊ.’’

आमच्या बायकांचे हात थांबले. मांडवाच्या कडेला त्यांचे चार भाऊबंद उभे होते, तेही बघायला लागले. अंबादासभाऊंनी एकदा तिकडं पाहिलं. आमच्याकडं पेला वरून धरून, तोंडाला न लावता पाणी प्यायची रीत आहे. ते तसं पिऊ शकले असते.

त्यांनी पेला ओठांना लावला आणि सगळा संपवला. मग तोच पेला, न विसळता, पुन्हा भरला आणि तिला दिला.

रुक्मिणीनं दोन्ही हातांनी धरला, तरी थोडं पाणी सांडलं. ओठांना लावून सावकाश प्यायली. संपेपर्यंत ते समोर उभे राहिले. मग तिनं पेला माझ्याकडं दिला, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, ‘‘चला गं, ताटं आली.’’